दिल्लीच्या विहिणीचं गाणं

प्रिय शालू,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल सांग. सोपानराव पाटील. इलेक्शनीपासून ज्या माणसाने आपल्या दाराकडे मान वळवली नव्हती, तो काल न्याहारीच्या वक्ताला परीटघडीचं धोतर नेसून अंगणात हजर, आणि आल्या आल्या माझ्या कोंबड्या हुसकायला लागला. मी म्हटलं, पाटील, कोंबड्या माझ्या, अंगण माझं, तुमचा जीव कशाला खालीवर होतोय? तर म्हणतो, भागूबाई, जीपगाडीतून साहेबलोक येणार आहेत, खास तुमच्याकडे, जरा लुगडं बदलून घ्या. एवढ्या वर्षांत घरधन्याने कधी लुगडं बदल म्हटलं नाही, आणि हा कोण सांगणारा. तुझी आई आत चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. पण खरं सांगू, मी बदललं. ते हिरवं, लाल काठाचं, आपल्या घरच्या सरूच्या लग्नातलं.

मग जीप आली, आणि मागोमाग अर्धी काळेवाडी आली. जीपमधून उतरले उद्धवराव साहेब, ते चष्म्याचे, आणि इंदुताई. तुला आठवतील दोघंही, सरूच्या लग्नात पाटलाने पाहुणे म्हणून आणले होते. जिल्ह्याला ते सरकारी लोकगीत मंडळ निघालंय ना, त्यातले. तिसरा एक हडकुळा माणूस होता, त्याच्याकडे नव्या नवरीच्या ट्रंकेएवढी पेटी. ती पेटी ओट्यावर ठेवली, दोन चाकं गरागरा फिरली, आणि शालू, पेटीतून मी बोलायला लागले. ‘मेल्या, त्या तुळशीवर पाय देशील,’ असं मी मघाशी त्या हडकुळ्याला म्हटलं होतं, ते जसंच्या तसं. माझा खोकलासुद्धा. सगळी माणसं हसून लोळायची बाकी राहिली. मला मात्र भरून आलं. आपला आवाज आपल्याला कधी ऐकू येत नाही गं. माझ्या आईसारखाच आहे माझा आवाज, मला ठाऊकच नव्हतं. आई जाऊन जमाना झाला आणि ती अशी माझ्या ओट्यावर बोलत होती.

इंदुताई म्हणाल्या, आजी, तुमची गाणी आता रेडिओवर जायची, सगळा मुलूख ऐकेल. माझे पाय जमिनीला लागेनात. तुला रेडिओचं सांगायचंच राहिलं. चावडीवर सरकारने एक रेडिओ बसवून दिलाय, दिवाळीपासून. सांजच्याला सगळे गडी तिथे बसतात. त्याला फिरवायची एक खुंटी होती, ती फिरवली की दुसरं गाणं, दुसऱ्या गावची बातमी. पोरं फिरवून बिघडवतात म्हणून पाटलाने खुंटी काढून कोटाच्या खिशात ठेवली. आता जे लागतं ते लागतं. खत कसं टाकावं, मंत्री कुठे गेले, कोणत्या पुलाला नारळ फोडला. तुझ्या मास्तरांचं वाचनालय होतं तेव्हा दोन वर्तमानपत्रं यायची आणि दोघांची एकमेकांत भांडणं असायची, ती ऐकायला मजा होती. मास्तर गाव सोडून गेले आणि ती खोली पाटलाच्या पेंडीच्या पोत्यांना लागली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. पेंड कुठेतरी ठेवायला हवी, म्हटलं.

तर मी गायले. आधी रतनबाईवरचं गायले, सरूच्या सासूवरचं:

सांगवीची विहीण आली बैलगाडीतून,
शेजारणीची नथ आली नाकात मिरवून.

आठवतं ना, पंगतीत हे ऐकल्यावर रतनबाईचा चेहरा कसा झाला होता? नथ खरंच उसनी होती. पानावरचा हात थांबला तिचा, आणि तिने मोठ्याने विचारलं, ‘कुणी बांधलं गं हे?’ मी पुढे झाले. तिने भर पंगतीत माझी ओटी भरली, खण दिला, नारळ दिला, म्हणाली, जीभ आहे का विळी. संपलं. आपल्याकडे हे असंच आहे, माझ्या सासूच्या सासूपासून. मांडवात विहिणीला काहीही म्हणावं, तिच्या वजनावर, तिच्या नाकावर, तिने पदराखाली लपवलेल्या लाडवांवर. तिला झोंबलं की ती विचारणार, कुणी बांधलं. मग बांधणारीने लपायचं नाही. पुढे व्हायचं, खण घ्यायचा. जिला खण मिळाला तिच्यावर राग धरायचा नाही. राग त्या खणात बांधून दिलेला असतो. लाजून लपली ती बाई कसली, असं आम्ही म्हणायचो. शेजारणीच ढकलून पुढे करायच्या.

म्हणून तर मी तसं केलं गं. तुझं गाणं झालं तेव्हा. तुला सहावा महिना, घामाने डबडबलेली, तरी खांबाला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, आता दुसऱ्या विहिणीवर. सगळ्या बायका रतनबाईच्या जावेकडे बघायला लागल्या. आणि तू सुरू केलंस:

दिल्लीची विहीण आली, बसली पाटावर,
पाच लाडू खाल्ले, डोळा आमच्या ताटावर.
मुंबईचा लाडू तिने पदराखाली दडविला,
मागायला गेलो आम्ही तर शिपाईच धाडिला.

मांडव नुसता हलला. गेनबा पाणी वाढता वाढता तांब्यासकट खाली बसला. मुंबई आपली की कुणाची, यावर गडीमाणसं दोन वर्षं घसे फोडत होती, मोर्चे काढत होती, डोकी फोडून घेत होती, त्याचं मला अर्धं कळायचं. तुझ्या चार ओळींत सगळं कळलं. लाडू ज्याने वळला त्याचा, एवढंच तर होतं. सोपानराव तेवढा मान खाली घालून जिलबी मोडत बसला. पण उद्धवराव साहेब हसले, मी बघितलं, चष्मा काढून डोळे पुसले. आणि इंदुताईंनी विचारलं, किती गोड विचारलं, ‘ही रचना कुणाची हो?’

मला वाटलं, झोंबलंय. दिल्लीच्या विहिणीकडून, सरकारातून आल्यात, झोंबणारच. आता ओटी भरतील. तू मागे सरकत होतीस. मास्तर मांडवाच्या दाराशी उभे होते, त्यांनी मला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं, ते मी बघितलं आणि सोडून दिलं. पुरुषांना या बायकांच्या चालीतलं काय कळतंय. मी तुझा दंड धरला, पुढे ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आमच्या शालूची, ज्योतीराम मास्तरांच्या मंडळींची. वर आणखी म्हणाले, नुसतं गात नाही, मास्तर उतरून घेतात, आळंदी-देहूपर्यंत गेलीत हिची गाणी. इंदुताईंनी पिशवीतून खण काढला. जांभळा, बुट्ट्यांचा. तुझी ओटी भरली. मला केवढा अभिमान वाटला होता.

आषाढात मास्तरांची बदली आली. जुन्नरच्या पलीकडे, डोंगरात, पावसाळ्यात जिथे येस्टी जात नाही अशा गावाला. लगेच हजर व्हा. कारण काहीच नाही. तुझे दिवस भरत आलेले, पहिलं बाळंतपण, ते माहेरच्या खोलीत व्हायचं, मी सुंठ कुटून ठेवली होती, डिंक आणला होता. तू म्हणालीस, यांना एकटं नाही सोडणार, हे तिथे चूलसुद्धा पेटवणार नाहीत. गेलीस. मग ओढ्याला पूर आणि घाट बंद. लेक झाल्याचं आम्हाला बारशाचा दिवस उलटून गेल्यावर कळलं. कुणी न्हाऊ घातलं असेल तुला, कुणी शेक दिला असेल, हे मी अजून विचारलं नाही तुला. भीती वाटते विचारायची. आणि गावात सगळे म्हणायला लागले की हे रंगरावचं काम. रंगराव लहान शाळेवरचा मास्तर, त्याला आपल्या मास्तरांची मोठी शाळा हवी होती, म्हणून त्याने वर कागद केला. सगळे म्हणायला लागले म्हणजे काय, मीच आधी म्हणाले. विहिरीवर, भर बायकांत, त्याच्या बायकोदेखत. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून ती बाई लांबच्या विहिरीवर जाते पाण्याला.

आता कालचं. पेटीवाला चाकं उलटी फिरवत होता, तुझी आई चहा गाळत होती, आणि मला राहवेना. मी म्हटलं, आमची शालू हवी होती हो आज, ती माझ्याहून सरस, पण तिच्या नवऱ्याला एका द्वाड माणसाने डोंगरात धाडलं. इंदुताईंनी माझा हात हातात घेतला. मऊ हात आहे त्यांचा. म्हणाल्या, ‘आजी, द्वाड माणूस नव्हे हो. आम्हीच कळवलं होतं. नाव तुम्हीच सांगितलंत ना, मांडवात?’ अगदी सहज म्हणाल्या. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. पुढे म्हणाल्या, मास्तर सरकारचे नोकर, त्यांच्या घरातून असं गाणं बाहेर पडतं, कुणीतरी विचारणारच, बदलीवर निभावलं हे नशीब समजा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोटेपणाही नव्हता. त्यांना वाटत होतं मला ठाऊकच असेल.

शालू, मी काय केलं ठाऊक आहे? मी त्यांना विचारलं, साखर आणखी घालू का?

हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण म्हाताऱ्या बाईचं लिहिणं, कुठून कुठे जातं. मांडवात नाव सांगितलं त्याचं मी मनाला समजावू शकते. मला ठाऊक नव्हतं. आपल्या चालीने वागले. पण कळल्यावर मी साखर विचारली, त्याला काय म्हणू? त्यांनी आमच्या मांडवात खण दिला, आमच्याच रीतीने ओटी भरली आणि राग मात्र बरोबर घेऊन गेल्या. हे मला तिथेच, त्याच घडीला कळलं. तरी कप पुढे केला.

मग उद्धवराव साहेबांनी कामाचं काढलं. तुझं गाणं थांबत नाही म्हणाले. बंदी घातली की लोक जास्त गातात. चाकणच्या बाजाराला, भोसरीच्या जत्रेला, जिथे तिथे. मला भोसरीचा शाहीर आठवला. त्याची गाण्याची वही आधी फौजदाराला दाखवायची, तो तांबड्या शाईने ओळी खोडणार, मग परवाना. गेल्या साली त्याने काय केलं, खोडलेली ओळ आली की तोंड मिटून नुसता डफ वाजवायचा, ओळीएवढाच, आणि खालची माणसं ती ओळ म्हणायची. यंदा परवानाच नाही. मी भोळेपणाचं सोंग करून ती हकीकत सांगितली, बघू काय म्हणतात. इंदुताई हसल्या. म्हणाल्या, पेटीत तसं होत नाही आजी, गप्प राहिलात तर तेवढं गप्प राहणं आम्ही कापून टाकतो आणि दोन्ही टोकं जोडतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही.

तर त्यांचं म्हणणं असं. चाल तीच ठेवायची, पहिली ओळ तीच ठेवायची, पुढचे शब्द इंदुताईंनी बांधून आणलेत:

दिल्लीची विहीण आली, बसली पाटावर,
सुखाचा घास वाढला आमच्या ताटावर.
बंधाऱ्याचं पाणी दिलं, शाळा दिली पोराला,
सोन्याचा दिस आला आमच्या शिवाराला.

हे मी गायचं. माझ्या तोंडून आलं, रेडिओवरून गेलं, रोज सांजच्याला लागलं, की वर्षभरात लोकांना हेच खरं वाटेल आणि तुझं ते कुणीतरी मोडून केलेलं. आणि गाण्याआधी तुझं नाव सांगणार, रचना शालनबाई, म्हणून. ते ऐकून मला वाटलं, निदान नाव तरी. मग साहेब म्हणाले, असं झालं तर मास्तरांविषयी वर शब्द टाकता येईल, फाल्गुनात परत काळेवाडीला आणता येईल. सोपानराव लगेच म्हणाला, खोली रिकामी करून देतो, पेंडीचं काय, कुठंबी ठेवू.

माझ्या डोळ्यांपुढे तुझी लेक आली. दात आलेत म्हणे तिला, मास्तरांच्या कार्डावर होतं. माझ्या मांडीवर नाही आली अजून. मी म्हटलं, व्हय, गाईन की. इतक्या पटकन म्हटलं की सोपानरावसुद्धा माझ्याकडे बघत राहिला. त्यांनी लुगडं दिलं, तेही घेतलं. आणि खरी लाज पुढेच आहे. जीप अजून वळली नव्हती तोच मी ते शब्द चालीवर बसवून बघत होते. ‘शाळा दिली पोराला’ तिथे जरा अडखळतं, ते ‘शाळा दिली लेकराला’ केलं तर बरं बसेल, हे माझं मलाच सुचलं. इंदुताईंना हाक मारून सांगणार होते. आज पहाटे जात्यावर बसले तर तुझे शब्द आठवेनात, तेच आले. तुझी आई शेजारी होती. तिने खुंटा सोडला आणि उठून गेली.

हे पत्र टपालात घालायची सोय नाही. टपालाची थैली चावडीवर उतरते, आणि पाटलाचा धाकटा कुणाची कार्डं वाचतो हे गावाला ठाऊक आहे. रंगरावची बहीण जुन्नरला दिलेली, तो उद्या तिकडे निघालाय, हे कळलं तशी दुपारी त्याच्या दाराशी गेले. त्याच्या बायकोने पाणी दिलं, गडवा खाली ठेवून, हातात नाही. मी सगळं सांगितलं, जे तुला लिहितेय ते. रंगराव चपलेचा अंगठा चाचपत होता. मग म्हणाला, ‘पत्र शालूच्या गावापर्यंत नेतो आजी. पण विहिरीवर सगळ्यांदेखत बोललात, तर तसंच सगळ्यांदेखत परत बोला.’ मी व्हय म्हटलं. अजून बोलले नाही. घागर घेऊन दोनदा गेले विहिरीवर, दोन्ही वेळा बायका होत्या, दोन्ही वेळा मी पावसापाण्याचं बोलून आले. हल्ली मी सगळ्यांनाच व्हय म्हणते बघ.

आता का लिहिलं ते सांगते. हात दुखायला लागलाय. मास्तरांनी रात्रीच्या वर्गात बाराखडी शिकवली तेव्हा म्हणाले होते, आजी, पहिलं पत्र कुणाला लिहाल? मी म्हटलं होतं, सरूला, शालूच्या बाळाचं बारसं ठरलं की. त्याऐवजी हे झालं, तुला. मी ठरवलं होतं की तुला काही कळवायचंच नाही. गाऊन टाकायचं, तुम्ही फाल्गुनात परत यायचं, लेक माझ्या मांडीवर द्यायची, आणि मास्तरांची बदली कशाने रद्द झाली हे तू विचारलंस की म्हणायचं, देवाला डोळे आहेत. तू माझ्या पाया पडली असतीस. ते डोळ्यांपुढे आलं आणि मला माझीच किळस आली. पहिल्या वेळेला मी तुझं गाणं तुला न विचारता कुणाच्या तरी हाती दिलं. दुसऱ्या वेळेला नाही देणार. गाणं तुझं आहे, नवरा तुझा आहे, तो डोंगर तुला चढावा लागतोय, तर ठरवायचं तू आणि मास्तरांनी. हे ओझंही तुझ्याच डोक्यावर देतेय, हे मला दिसतंय. तू गा म्हणालीस तर मान खाली घालून गाईन, आणि तुला कुणी कधी काही म्हणालं तर म्हातारीने केलं म्हण. नको म्हणालीस तर त्यांचं लुगडं घडी न मोडता परत देईन, आणि नातीच्या गाण्याला मी हात लावणार नाही हे तोंडावर सांगेन. घसा बसल्याचं सोंग नाही करणार. मग मास्तरांना आणखी कुठे धाडतील ते मला ठाऊक नाही, ते आधीच सांगते. रंगराव सोमवारी संध्याकाळी परत येतो. चिठ्ठी नको लिहूस, त्याच्याजवळ तोंडी एक शब्द सांग, व्हय का न्हाई. तेवढा मला पुरेल. पेटी घेऊन ती माणसं मंगळवारी सकाळी येतो म्हणून गेलीत.

तुझीच,
आजी